उभ्या इंजिनाचं ऑइल

"जनरेटरच्या अवर मीटरवर दोन वर्षांत जेमतेम चाळीस तास दिसतात. इंजिन वापरलंच नाही, तर ऑइल कशाला बदलायचं?" सोसायट्यांचे सेक्रेटरी मला हे विचारतात, दवाखान्यांचे डॉक्टर विचारतात, मकरपुऱ्यातले कारखानदार बिल हातात घेऊन विचारतात. परवा खंडेराव मार्केटात भाजी घेताना तुम्हीही तुमच्या सोसायटीच्या सेटबद्दल तेच विचारलंत, आणि पुढे म्हणालात, "मग काकरापारच्या अणुवीज केंद्रात काय करत असतील? तिथले जनरेटर तर कायम नुसते उभेच." मी घाईत काहीतरी अर्धवट बोललो आणि दोन दिवस ते मनाला लागून राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट लिहितो.

मी बडोद्यात तीस वर्षं डीजी सेटची, म्हणजे डिझेल जनरेटरची, कामं केली. अणुवीज केंद्रात कधी काम केलेलं नाही. तिथलं जे सांगतो आहे ते वाचून समजून घेतलेलं आहे. पण बेअरिंग तिथेही बेअरिंगच असतं.

इंजिन चालू असताना क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, बेअरिंगला टेकलेला नसतो. ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगत फिरतो, आणि हा थर त्याच्या फिरण्यातूनच तयार होतो. इंजिन थांबलं की शाफ्ट खाली बसतो आणि ऑइल हळूहळू ओघळून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीत, जातं. आठ-पंधरा दिवसांनी वर राहतो तो नुसता ओशटपणा. अशा वेळी सेल्फ मारला की ऑइलचा पंप आधी फिल्टर भरणार, कूलर भरणार, मग बेअरिंगांपर्यंत पोचणार; टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, नंबर अगदी शेवटी. तेवढे काही क्षण धातूवर धातू घासतो. रोज धावणाऱ्या ट्रकच्या वाट्याला हे क्षण दिवसातून एखाद-दोनदा येतात, नंतर तासन् तास तो सुखात असतो. उभ्या जनरेटरच्या आयुष्यात या क्षणांखेरीज फारसं काही नसतंच.

आता काकरापारचा विषय. अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातली उष्णता लगेच थांबत नाही. बंद झाल्या झाल्या पूर्ण औष्णिक शक्तीच्या सुमारे ६.५ टक्के उष्णता निघत असते, ती कमी होत जाते, पण पंप फिरते ठेवावेच लागतात. केंद्राची स्वतःची वीज थांबलेली आणि ग्रिडही गेलेलं, अशा वेळी भिस्त डिझेलवर. अमेरिकेतल्या केंद्रांत हजारो किलोवॅटचं इंजिन साधारण १० सेकंदांत पूर्ण वेगाला आणि व्होल्टेजला यावं, अशी अपेक्षा असते. आपल्या सोसायटीच्या सेटलाही मी इतकं घाईने लोड देत नाही.

हे जमतं का, ते पाहायला तिथे गार इंजिनं पुनःपुन्हा झटक्यात सुरू केली जात. त्या चाचण्यांनीच इंजिनं झिजतात हे हळूहळू लक्षात आलं. १९८४ मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगाने केंद्रांना पत्र पाठवून अशा गार, झटपट चाचण्या कमी करायला सुचवलं. आधी ऑइल फिरवा, इंजिन तापू द्या, मग वेग आणि लोड वाढवा, असा त्याचा रोख. खऱ्या आणीबाणीत मात्र तापवायला वेळ मिळणार नाही, म्हणून उभ्या इंजिनातही ऑइल आणि पाणी हीटरवर कोमट ठेवतात आणि वेगळ्या विजेच्या पंपाने ऑइल आधीच बेअरिंगांपर्यंत पोचवतात.

यावर तुम्ही म्हणाल, मग तो पंप भरपूर चालवावा. तसंही चालत नाही. थांबलेल्या टर्बोत ऑइल जास्त गेलं तर ते सीलमधून झिरपून एक्झॉस्टमध्ये साचतं आणि लोड आल्यावर तिथे पेटू शकतं. सिलिंडरमध्ये साचलं तर त्याहून वाईट, कारण ऑइल दाबलं जात नाही. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. एका जातीच्या इंजिनात समोरासमोर पिस्टन असतात आणि एक क्रँकशाफ्ट चक्क वरच्या बाजूला. वरची बेअरिंगं सगळ्यात आधी कोरडी पडतात, आणि तिथे ऑइल जास्त दिलं तर ते खाली सिलिंडरात उतरतं. ही मापं बसवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. काही इंजिनांत पिस्टनच्या पिनेच्या बेअरिंगला चांदीचा थर असतो आणि नेहमीच्या ऑइलमधलं जस्ताचं मिश्रण त्या चांदीला खातं. म्हणजे स्टोअरमधून चुकीचा डबा आला तरी घात.

आता माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. इथल्याच एका नर्सिंग होममध्ये वॉचमन दर शनिवारी सेट पाच मिनिटं चालवायचा, लोड न देता. ऑइल मोजायच्या पट्टीवर, डिपस्टिकवर, ऑइल कधी कमी दिसलं नाही, उलट खुणेच्या वर दिसायचं, म्हणून सगळे निश्चिंत. खरं तर बिनलोडी, गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही; ते पिस्टनच्या रिंगांतून खाली ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. हवेतला ओलावाही आत पाणी होऊन राहतो, पाच मिनिटांत तो उडून जात नाही. पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली. सेटने लोड घेतला, अर्धा-पाऊण तास चालला आणि ऑइल प्रेशर पडून ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. मी पोचलो तेव्हा एक नर्स टॉर्चच्या उजेडात पेशंटला श्वास देणारी अँबू बॅग हाताने दाबत होती. पेशंट वाचला. इंजिन उघडलं तर बेअरिंगांचा वरचा थर जाऊन तांबं दिसत होतं, आणि बोटांवर घेतलेल्या ऑइलला डिझेलचा भपकारा. त्या नर्सचे थरथरणारे हात मी विसरू शकलो नाही.

त्या सेटला ट्रिपने वाचवलं. अणुकेंद्रात मात्र खऱ्या आणीबाणीत बहुतेक ट्रिप बाजूला ठेवलेले असतात, कारण इंजिन वाचवण्यापेक्षा पंप फिरणं महत्त्वाचं. ओव्हरस्पीडसारखे, म्हणजे वेग हाताबाहेर गेला तर थांबवणारे, एखाद-दोन उरतात. ऑइल प्रेशरचा ठेवला तर एकट्या सेन्सरवर विश्वास टाकत नाहीत, एकाहून जास्त सेन्सरनी तेच सांगावं लागतं.

तर तुमच्या सेटचं उत्तर: तास कितीही होवोत, वर्षातून एकदा ऑइल आणि फिल्टर बदलायचाच. त्या नर्सिंग होमसारखं पाच मिनिटं बिनलोडी चालवणं होत असेल तर ते बंद करा. महिन्यातून एकदा लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे असा खरा लोड देऊन तासभर चालवा.

आणि एक. काल संध्याकाळी तुमच्याकडे येऊन मी डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे आणि वॉचमन सांगतो, कोणी भर घातलेली नाही. उद्या सकाळी मी डबा आणि फिल्टर घेऊन येतो. तोवर लाइट गेली तरी सेट लावू नका.