जयपूर: सावलीचं घड्याळ आणि सत्तावीस मिनिटं

24 डिसेंबर, आमेर

मराठी माणसाच्या डोक्यात जयसिंग एकच असतो: पुरंदरला वेढा घालून बसलेला, जून 1665 मध्ये शिवाजी महाराजांकडून 23 किल्ले लिहून घेणारा. जयपूर वसवलं ते त्याने नव्हे. ते मिर्झाराजे जयसिंग, आणि त्यांचं घर हे आमेर. 1667 मध्ये बुऱ्हाणपूरला ते वारले तेव्हा जयपूर जन्मालाही आलं नव्हतं. शहर वसवणारे सवाई जयसिंग म्हणजे मिर्झाराजांचे खापरपणतू. जन्म 1688, मृत्यू 1743. सवाई म्हणजे सव्वा, इतरांहून पाव हिस्सा जास्त. आपल्याकडे सवाई माधवरावांच्या नावात हाच शब्द येतो.

हा घोळ मनातून काढला की आमेर वेगळं दिसतं. राजा मानसिंगांनी 1592 मध्ये काम सुरू केलं, पण शीशमहाल आणि दिवाण-ए-खास मिर्झाराजांचे. आग्र्यात महाराजांची जबाबदारी ज्याच्यावर होती तो रामसिंग त्यांचाच मुलगा. गाइड पृथ्वीराज-संयोगितेपासून सुरुवात करतात. मराठी पाहुण्याने थेट विचारावं, मिर्झाराजांनी बांधलेला भाग कोणता, आणि तिथे जास्त वेळ द्यावा.

मावठा तळ्याच्या बाजूने पायी चढावं. चढ पंधरा-वीस मिनिटांचा, फरशी गुळगुळीत झालेली, म्हणून रबरी तळव्याचे बूट बरे. गुडघे दुखत असतील तर मागच्या रस्त्याने जीप थेट चांदपोल दरवाजापाशी जाते. हत्तीवरून जाऊ नये. दगडी चढावर माणसं घेऊन पुन्हा पुन्हा वर-खाली करणं त्या जनावराला सोसत नाही, आणि पायी चढणं अजिबात अवघड नाही.

तिकिटाबद्दल: आमेर, जंतर मंतर, हवामहल, नाहरगड, अल्बर्ट हॉल यांचं एकत्र तिकीट मिळतं आणि ते दोन दिवस चालतं. आमेरला पहिल्या दिवशी तेच घेतलं की दुसऱ्या दिवशी शहरातल्या रांगा टळतात. सिटी पॅलेस आणि जयगड त्यात येत नाहीत. ऐन दारात यावरून वाद घालणारी कुटुंबं रोज दिसतात.

25 डिसेंबर, सकाळ

हवामहलचं तोंड पूर्वेला, त्यामुळे बघण्याची वेळ सकाळचीच. या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, पण समोरच्या इमारतींमुळे दर्शनी भाग उजळायला आणखी बराच वेळ लागतो. दुपारनंतर तो पूर्ण सावलीत जातो आणि फोटोत नुसती मातकट भिंत येते. समोरच्या फुटपाथवरून पाच मजले, 953 झरोके बघावेत आणि मग दार शोधू नये, कारण या बाजूला दारच नाही. हा महालाचा रस्त्याकडचा पडदा आहे. सवाई प्रतापसिंगांनी 1799 मध्ये तो बांधला, पडद्यातल्या स्त्रियांना बाजार आणि मिरवणुका दिसाव्यात म्हणून. आत जायचं ते वळसा घालून मागून. वर जायला बहुतेक ठिकाणी पायऱ्यांऐवजी उतरण आहे.

बाहेर बडी चौपडवर उभं राहून चारही रस्त्यांकडे एकदा बघून घ्यावं. 18 नोव्हेंबर 1727 ला पायाभरणी झालेलं हे शहर आधी कागदावर आखलं गेलं. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाची आखणी, नऊ चौकोनांची. वायव्येचा चौकोन मात्र नाहरगडच्या डोंगरात घुसत होता. डोंगर हलणार नाही, म्हणून चौकोन उचलून आग्नेयेला नेला. नकाशात शहर एका कोपऱ्यात बाहेर आलेलं दिसतं ते यामुळे. मला ही तडजोड फार आवडते: वास्तुशास्त्र पाळलं, पण डोंगराशी भांडण केलं नाही.

गुलाबी रंगाची कथा सगळ्यांना ठाऊक असते, 1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी महाराजा रामसिंगांनी शहर रंगवलं ती. प्रत्यक्षात हा रंग गेरूच्या जवळचा आहे.

25 डिसेंबर, अकरा ते एक, जंतर मंतर

वेधशाळेला लोक अर्धा तास देतात आणि मोठमोठे जिने बघून बाहेर पडतात. इथे दोन तास हवेत, ऊन हवं, आणि त्या दोन तासांत सूर्यमध्यान्ह यायला हवी. ढगाळ दिवशी येऊ नये. सावली नसेल तर यंत्रं बंद.

आधी लघुसम्राट यंत्र. मधली तिरकी भिंत म्हणजे शंकू, सावली पाडणारा भाग. तिची वरची कड क्षितिजाशी 27 अंशांचा कोन करते, कारण जयपूरचं अक्षांश तेवढंच आहे, म्हणून ती कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते. दोन्ही बाजूंच्या कमानींवर तासांच्या खुणा. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर पडते आणि खाली उतरत जाते. मध्यान्हीला ती शंकूच्या पायाशी पोचते, नंतर पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. हिवाळ्यात सूर्य यंत्राच्या वेळेने सहानंतर उगवतो, म्हणून पश्चिम कमानीच्या माथ्यावरच्या पहिल्या पाऊण तासाच्या खुणांवर सावली येतच नाही.

वाचलेली वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही आणि लोक हसून पुढे जातात. यंत्र बरोबर असतं. ते जयपूरची वेळ सांगतं, आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळ, म्हणजे 82 अंश 30 कलांच्या रेखावृत्ताची. जयपूर 75 अंश 49 कलांवर आहे. फरक 6 अंश 41 कलांचा, दर अंशाला 4 मिनिटं, म्हणजे 26 मिनिटं 44 सेकंद. एवढी वाचलेल्या वेळेत मिळवायची.

त्यात दुसरा फरक मिसळतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सरासरीच्या 16 मिनिटं पुढे असतो, तेव्हा जेमतेम 10 मिनिटं मिळवायची. फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे असतो, तेव्हा 41. एप्रिलचा मध्य, जूनचा मध्य, 1 सप्टेंबर आणि 25 डिसेंबर या सुमारास हा फरक शून्यावर येतो. आजचा हिशेब त्यामुळे सरळ: यंत्रावर बारा वाजतात तेव्हा घड्याळात बारा सत्तावीस.

मोठं सम्राट यंत्र 27 मीटर उंच. त्याच्या कमानीवर सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी तिची चाल दिसते. पाच मिनिटं एका जागी थांबून ती बघावीच. सर्वात बारीक खूण दोन सेकंदांची आहे, पण दोन सेकंदांपर्यंत वेळ नुसतं बघून वाचता येत नाही. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाचं बिंब आहे. तेवढं सरकायला दोन मिनिटं लागतात, म्हणून सावलीची कड दोन मिनिटं रुंद, धुरकट. यंत्र कितीही मोठं केलं तरी वेळेच्या हिशेबात हा धूसरपणा तेवढाच राहतो. त्यावर उपाय सुईचा किंवा ताणलेल्या दोऱ्याचा. कडेला समांतर धरून उजेडातून सावलीकडे हळूहळू न्यायचा. त्याची स्वतःची पुसट सावली जिथे नाहीशी होते तिथली खूण वाचायची. दोन माणसांनी वेगवेगळं वाचलं तरी उत्तरं जवळजवळ येतात. मोठ्या यंत्राच्या खुणांपर्यंत पर्यटकांना जाता येत नाही, पण पेन्सिल धरून हा प्रयोग कुठल्याही उंच भिंतीच्या सावलीत करून बघता येतो.

हे सगळं दगडात का? पितळी यंत्रं लहान, त्यांचे आस झिजतात, केंद्र सरकतं, हा जयसिंगांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा, वाराणसी अशा पाच ठिकाणी चुना-दगडात वेधशाळा बांधल्या. मथुरेची आता उरलेली नाही.

नाडीवलय यंत्र हेही सावलीचं घड्याळच. त्याच्या दोन तबकड्या आहेत, एक उत्तरेकडे तोंड केलेली, एक दक्षिणेकडे. आज ऊन दक्षिणेच्या तबकडीवर. मार्चच्या विषुवदिनानंतर ते उत्तरेच्या तबकडीवर जाईल आणि सप्टेंबरपर्यंत तिथेच राहील. जयप्रकाश यंत्राच्या दोन वाट्या म्हणजे आकाशाचा उलटा नकाशा. त्या एकसारख्या वाटतात, तशा नाहीत. एकीत जिथे संगमरवर आहे तिथे दुसरीत मोकळी वाट, निरीक्षकाला आत उतरून उभं राहता यावं म्हणून. दोन्ही मिळून एक आकाश पुरं होतं. घाई करणारे एकच वाटी बघून परततात.

जयसिंगांच्या दरबारात युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणणारे पंडित जगन्नाथ सम्राट होते. ते मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. त्यांच्या ग्रंथाचं नाव रेखागणित.

25 डिसेंबर, दुपार

सिटी पॅलेसमधल्या गंगाजळींसाठी, म्हणजे चांदीच्या प्रचंड घड्यांसाठी, थांबावं. प्रत्येकी 345 किलो चांदी. महाराजा माधोसिंग दुसरे 1902 मध्ये एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकाला लंडनला निघाले तेव्हा पिण्यासाठी गंगेचं पाणी यांतून नेलं. पोशाखांच्या दालनात फोटोला मनाई असते.

त्रिपोलिया दरवाजाजवळ ईसरलाट, सात मजल्यांचा अष्टकोनी मनोरा. सवाई जयसिंगांचे पुत्र ईश्वरीसिंग यांनी भावाशी झालेल्या लढाईतल्या विजयाची खूण म्हणून 1749 मध्ये बांधला. त्या भावाच्या, माधोसिंगांच्या, पाठीशी मराठे होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1750 मध्ये, होळकरांची फौज थकलेल्या खंडणीसाठी जवळ येत असताना ईश्वरीसिंगांनी आत्महत्या केली. जानेवारी 1751 मध्ये काही हजार मराठे नवं शहर बघायला, बाजारहाट करायला तटाच्या आत शिरले. संतापलेल्या शहराने दरवाजे लावून त्यांची कत्तल केली.

मनोऱ्याची वाट आतिश बाजारातून आहे. आत गोल फिरत चढणारी अरुंद उतरण. तिकीट संध्याकाळच्या आत बंद होतं, म्हणून चारच्या आधी पोचावं. वरून सम्राट यंत्राची तिरकी कड आणि तटबंदीच्या आतले सरळ रस्ते एकत्र दिसतात. ते मराठे शिरले ते याच रस्त्यांवरून.