जॉबरचं कपाट आणि पोरीची रायफल

रायफलीच्या बॅरलला, म्हणजे नळीला, घासणारी वस्तू बॅरलपेक्षा मऊ पाहिजे. झिजायचंच असेल तर ती झिजावी. एवढं एक धरून चाललं की निम्मं वर्कशॉप घरातच निघतं. सोलापुरात तर जास्तच, कारण इथं मागाचं भंगार कुठल्याही पेठेत मिळतं.

मी साध्या यंत्रमागावरचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग सांभाळतो. पोरगी दहा मीटर एअर रायफल खेळते, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा सोडणाऱ्या रायफलीनं दहा मीटरवर नेम मारते. घरात बंदूक म्हटल्यावर गल्लीतल्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "लायसन काढलं का ओ?" लागत नाही. 4.5 मिलिमीटरपर्यंतचं बोअर, म्हणजे नळीचं भोक, आणि 20 जूलच्या आतली ताकद असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांत त्याला सूट आहे. मॅचची रायफल आठ जूलच्या आसपास असते. तरी काहीही करण्याआधी बॅरल रिकामं आहे का ते बघायचं, आणि ते मीही बघायचं, पोरीनंही बघायचं. माग बंद आहे असं दुसऱ्यानं सांगितलं म्हणून मी कधी त्यात हात घालत नाही.

बॅरल साफ करायला बाजारात रॉड मिळतात. लोखंडी रॉड मला नको वाटतो. तोंडाकडून घातला की बॅरलची कडा घासते, आणि छर्रा बाहेर पडताना शेवटचा त्या कडेलाच लागून जातो. तिथं ओरखडा आला की छर्रा वाकडा निघणार. मी वापरतो ती ब्रश कटरची नायलॉन दोरी, ज्याच्यानं शेतातलं गवत कापतात ती. शेतीच्या दुकानात मीटरवर मिळते. दोन मिलिमीटर जाडीची घ्यायची. एक टोक ब्लेडनं तिरकं कापून टोकदार करायचं, दुसरं लायटरवर धरायचं. नायलॉन वितळून गोळा होतो, तो गरम असतानाच फरशीवर दाबायचा, म्हणजे खिळ्यासारखं डोकं तयार होतं. आता जुन्या सुती बनियनचा नखाएवढा चौकोन त्या टोकदार बाजूनं ओवून डोक्यापर्यंत सरकवायचा. दोरी मागून, म्हणजे छर्रा भरतो तिथून घालायची आणि तोंडाकडून सरळ, एका दमात ओढून घ्यायची. मध्ये थांबायचं नाही. पहिला चौकोन शिशानं काळा होऊन येतो, मग करडा. पांढरा येईपर्यंत मी ओढत बसत नाही. एअर रायफलीला एवढी सफाई लागत नाही, उलट जास्त घासणारे लोकच बॅरल खराब करतात. हात मात्र साबणानं धुवायचे, छर्रे शिशाचे असतात. पोरगी छर्रे हाताळल्यावर तशीच भडंग खायला बसली की मी ओरडतो.

रायफल घट्ट धरायला टेबलावरची लोखंडी पकड, व्हाइस, आहेच, पण त्याच्या जबड्यात रायफल देणं म्हणजे पापच. पिकिंग बँडचं जाड चामडं कापून दोन्ही जबड्यांना चिकटवलं. हा धोटा फेकणाऱ्या दांड्याचा पट्टा, मागावर दिवसभर झटके खाऊन आलेला असतो, त्यामुळे चामडं दबतं पण फाटत नाही. तेल मुरलेलं असतं, ते आधी पुसून काढा. वरून चादरीचा तुकडा. बायको म्हणाली, "नवी चादर कापली तर बघा." कटपीसच होता.

एक अपवाद स्क्रूड्रायव्हरचा. तो मऊ असून चालत नाही. नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, खाच पूर्ण भरत नाही, जोर दिला की वर सरकतं आणि खाचेच्या कडा उडवतं. ग्राइंडरवर त्याच्या दोन्ही बाजू समांतर करून घेतो, खाचेत हातानं घट्ट बसेल इतपतच. दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. टोक निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे ते मऊ पडलं समजा.

आता टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा पीळ. बॅरल आणि ॲक्शन (छर्रा भरायची-सोडायची यंत्रणा) स्टॉकला, म्हणजे दस्त्याला, धरून ठेवणारे दोन बोल्ट असतात. ते कमीजास्त आवळले की ग्रुप, म्हणजे छर्रे लागतात तो पुंजका, सरकतो, आणि निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. आमच्या रायफलीच्या पुस्तिकेत पाच न्यूटन-मीटर लिहिलंय. टॉर्क रेंच महाग, म्हणून रद्दीवाल्याकडचा स्प्रिंगकाटा आणला. ॲलन कीला नळी चढवून बोल्टच्या मध्यापासून बरोबर 20 सेंटिमीटरवर खूण केली, तिथं काटा अडकवला आणि काटकोनात ओढला. अडीच किलो दाखवलं की झालं. अडीच गुणिले 9.8 गुणिले 0.2, म्हणजे 4.9. जॉबरकीत मी आयुष्यभर हाताच्या अंदाजानं नट आवळले, पण इथं अंदाज नको. काटा तिरका धरला तर हिशेब खोटा, एवढंच सांभाळायचं.

रायफलीच्या हवेच्या सिलिंडरला मी हात लावत नाही. आत 200 बार दाबाची हवा असते, मोटारसायकलच्या टायरात दोनच्या आसपास. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, हार्डवेअरच्या दुकानात मापाची मिळते, दिसते तशीच, तरी ती मी तिथं बसवणार नाही. साधं मशीनचं तेलही तिथं चालत नाही, दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, दहा वर्षं झाली की तो मॅचला चालत नाही. ही कामं कंपनीच्या माणसाची. ट्रिगरच्या आतल्या भागांचंही तेच.

बाहेरून ट्रिगर मोजायला मात्र हरकत नाही. मॅचमध्ये ट्रिगर किती वजनाला सुटावा याची रायफलीला खालची अट नाही, पण एअर पिस्तुलाला आहे, 500 ग्रॅम. पोरीबरोबर पिस्तूल खेळणारी मुलं मॅचच्या आधी घाबरलेली असतात, वजन कमी भरलं तर काय. त्यांना मी बाटली करून देतो. प्लास्टिकच्या बाटलीच्या गळ्याला तारेचा आकडा, आणि किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर बाटली, तार, पाणी मिळून बरोबर 500 ग्रॅम. पिस्तूल कॉक करून (ट्रिगर सुटायला तयार ठेवून), रिकामं, नळी वर करून धरायचं, आकडा ट्रिगरला लावायचा आणि बाटली जमिनीवरून सावकाश उचलायची. उचलली आणि ट्रिगर सुटला नाही तर पास. फक्त झाकण घट्ट लावा, पाणी सांडलं की वजन गेलंच, वर कोच सरांची बोलणी.