तीन इंचांची भानगड

ऐंशीच्या दशकात इंदूरमधे ज्यांनी घरं बांधली त्यांच्या डोक्यात गाडी म्हणजे मारुती 800, आणि तीसुद्धा "बघू, कधीतरी घेऊ" या हिशोबाने. जेमतेम साडेचार फूट उंचीची गाडी ती, त्यामुळे लोकमान्य नगरातल्या आमच्या घराखाली बाबांनी सात फुटांचं शटर लावलं तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं होतं म्हणे, की उंट आणताय का. आता धाकट्याने स्कॉर्पिओ क्लासिक आणली. कंपनीच्या कागदावर उंची 1995 मिलीमीटर, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर इंच, शटर चौऱ्याऐंशी इंच, साडेपाच इंच शिल्लक, झालं की, पेढे वाटा.

पण टेप धरला ना, की कळतं की सात फूट हे सात फूट नसतातच. खालून अडीच इंच टाइल्सनी खाल्लेत, कारण जुना कोबा न फोडता त्यावरच मसाला आणि टाइल्स (फोडायचा खर्च कोण करतो). वरून सहा इंच शटरने. शटर वर गेलं म्हणजे नाहीसं होत नाही हो, ते सतरंजीसारखं गुंडाळून पाइपावर बसतं, सात फुटांच्या शटरचं ते भेंडोळं चांगलं फूटभर जाड होतं आणि आमच्याकडे ते आतल्या बाजूला अगदी स्लॅबखाली कोंबलेलं, त्यात सगळ्यात खालची कुलपाची जाड पट्टी गुंडाळली जातच नाही, ती लोंबत राहते. उरले किती, साडेपंचाहत्तर. गाडी साडेअठ्ठ्याहत्तर. तीन इंच कमी, आणि या तीन इंचांवर घरात जेवढी चर्चा झाली तेवढी ताईच्या लग्नातसुद्धा झाली नव्हती.

गल्लीतल्या प्रत्येकाने टायरमधली हवा काढा हा सल्ला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा चेहऱ्याने दिला. आईचं म्हणणं, फरशी खणून खाली घ्या. पण आमचा रस्ताच दरवेळी नवा होताना थोडा थोडा वर येत आता आमच्या फरशीच्या सहा इंच वर पोचलाय, अजून खाली खणलं तर जुलैत गॅरेजमधे गाडी नाही, होडी ठेवावी लागेल. वरचा बीम छिलू या असं एक ठेकेदार अगदी सहज म्हणाला, जशी काकडी सोलायचीय. त्या बीमवर वरची भिंत, भिंतीवर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. त्याला चहा देऊन वाटेला लावलं.

मग भाचा. तो न्यू जर्सीत असतो, त्याने व्हिडिओ कॉलवर स्वतःचं गॅरेज दाखवलं. तिकडची दारं गुंडाळत नाहीत, आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात, त्या रुळावरून सरळ वर जातात आणि मग वळून छताला समांतर झोपतात, हे असं वर जाणारं दार सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसाने 1921 मधे काढलं आणि 1926 मधे त्याला विजेवर उघडायची सोयही केली. भाच्याला एकावर एक दोन गाड्या ठेवायच्या होत्या, पण झोपलेलं दार मधे येत होतं. म्हणून त्याने उभे रूळ वाढवून घेतले, म्हणजे दार आधी भिंतीलगत वर चढतं आणि पार छताजवळ जाऊन वळतं. वाटतं तेवढं सोपं नाही ते, केबल गुंडाळणारे ड्रम बदलावे लागतात, त्यामुळे स्प्रिंगचा हिशोब बदलतो, आणि मोटर मधोमध छताला टांगलेली चालत नाही, बाजूच्या भिंतीवर घ्यावी लागते. एक गोष्ट मात्र मला आवडली. या सगळ्यात भोक तेवढंच राहतं, फक्त उघडलेलं दार कुठे जाऊन बसतं ते बदलतं. आमचंही दुखणं अर्ध्याच्या वर तेच की.

सियागंजातून एक शटरवाला आणला, त्याला हे सांगायला सुरुवात केली तर तो आधीच बाहेर जाऊन वर बघत होता. आमची बाल्कनी पुढे आलेली आहे, तिच्याखाली आणि शटरच्या वर दोन फूट भिंत रिकामी. "रोल बाहर ले लो भिया, अंदर क्यों घुसा रखा है." बस. पाइप बाहेर, ब्रॅकेट बाहेर, बाजूच्या पट्ट्या बाहेरच्या भिंतीवर आणि वरपर्यंत, लोंबणारी पट्टीसुद्धा भोकाच्या वर. काम करताना मात्र त्याने शटर आधी पूर्ण वर घेतलं, कारण बंद शटरमधे स्प्रिंग सगळ्यात जास्त ताणलेली असते, आणि वर घेतल्यावरही थोडा ताण राहतोच म्हणून पोरांना अंगणातून हाकललं. हे काम घरी यूट्यूब बघून करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, लांबूनच.

तर साडेएक्याऐंशी इंच मिळाले, गाडीच्या वर तीन इंच. तरी टप घासतच होता! कारण तो उतार. पुढची चाकं आत खाली आणि मागची चाकं सहा इंच वर रस्त्याच्या लेव्हलला, म्हणजे गाडीचा मधला भाग, जो नेमका तेव्हा दाराखाली असतो, तीन इंच वर. कमावलेले सगळे तिकडेच गेले. मग अंगणातली जास्वंद हलवून उतार दुपटीने लांब केला, पुढे पाण्यासाठी आडवी जाळी टाकली, आता दीड इंच राहतो आणि गाडी आत जाते, कॅरियर मात्र विसरायचं, महेश्वरला जाताना बॅगा मांडीवर.

परवा गल्लीत लेव्हल घेणारे दोघे तिपाई लावून उभे होते, ड्रेनेजचं काम आहे, मग रस्ता नवा. किती वर येईल विचारलं तर म्हणे, "ज्यादा नहीं भिया, चार-छह इंच." धाकटा तेव्हापासून मोबाइलवर जुन्या स्विफ्टचे भाव बघतोय.