तापवून मोजलेले सेन्सर : नवतप्याआधीची नोंद

मागच्या नोंदीत हेडचे (इंजिनच्या वरच्या झाकणाचे) काम संपून इंजिन सुरू झाल्याचे लिहिले होते. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत नागपूर ते रामटेक अशा दोन फेऱ्या झाल्या आणि दोन दुखणी समोर आली. माझी २००४ ची पेट्रोल गाडी लिटरला १४ किलोमीटर देत असे, ती ११ वर घसरली. दुसरे दुखणे अधिक काळजीचे होते. रामटेकहून परतताना, कन्हानचा पूल यायच्या आधी, भर दुपारी गाडी चालता चालता बंद पडली. बॉनेट उघडून पाऊण तास लिंबाच्या सावलीत उभी ठेवल्यावर ती पहिल्याच सेल्फला सुरू झाली आणि घरापर्यंत बिनतक्रार आली. इंजिनचा इशारा देणारा दिवा दोन्ही बाबतींत लागला नाही. वायर तुटली, शॉर्ट झाली किंवा आकडा अशक्य वाटण्याइतका बाहेर गेला, तरच हा दिवा लावण्याची रचना त्या काळातल्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकात, असते. दहा अंश चुकीचे तापमान सांगणारा सेन्सर ईसीएमच्या दृष्टीने खराच बोलत असतो.

३ मे. सेन्सर कोणता घ्यावा, असे नेहमीच्या मिस्त्रींना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, सेन्सर कंपनीचाच टाका, नाहीतर पैसे दोनदा जातील." त्यांचा अनुभव मोठा आहे आणि हा सल्ला मी हलक्यात घेत नाही; परंतु 'कंपनीचा की बाहेरचा' हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. वाहन कंपन्या बहुतेक सेन्सर स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, एनटीके यांसारखे उत्पादक ते बनवून त्यांना देतात आणि तेच उत्पादक स्वतःच्या नावाच्या खोक्यातही सेन्सर बाजारात विकतात. म्हणजे दुकानात तीन प्रकार असतात : वाहन कंपनीच्या खोक्यातला, मूळ उत्पादकाच्या खोक्यातला आणि त्याच्या आकाराची नक्कल करून तिसऱ्याच कोणी बनवलेला. आपण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला सरसकट 'आफ्टरमार्केट' म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. जुना सेन्सर पुसून, भिंगाखाली धरून त्याच्या अंगावरचा उत्पादकाचा शिक्का आणि भाग क्रमांक वाचणे हे पहिले काम आहे, दुकानात जाणे त्यानंतरचे.

९ मे. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरपासून सुरुवात केली, कारण त्याचा आकडा चुकीचा असेल तर पुढचे कोणतेच माप विश्वासाने घेता येत नाही. हा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की विजेला होणारा रोध कमी होणारा थर्मिस्टर. माझ्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे २० अंशांना सुमारे २५०० ओहम आणि ८० अंशांना सुमारे ३२० ओहम यायला हवेत. जुना काढला, एक बिननावाचा १८० रुपयांना आणि एक मूळ उत्पादकाच्या खोक्यातला ४५० रुपयांना आणला. वाहन कंपनीच्या खोक्यातला ७८० रुपयांना मिळत होता, तो तूर्त घेतला नाही.

आईकडून जुना स्टीलचा गंज (उभे पातेले) मागून घेतला. तिन्ही सेन्सर तारेने एका आडव्या काडीला असे टांगले की त्यांची पितळी टोके पाण्यात बुडतील, पण कनेक्टर कोरडे राहतील आणि कोणाचेही टोक गंजाच्या तळाला टेकणार नाही. तळ पाण्यापेक्षा गरम असतो आणि टेकलेला सेन्सर खोटा आकडा देतो. गॅस मंद ठेवून, पाणी ढवळत, दर दहा अंशांना आच बंद करून मिनिटभर थांबून माप घेतले. सुरुवातीला पाणी ३५ अंशांवर होते, तेव्हा तिन्ही १४०० ओहमच्या आसपास होते आणि दुकानातल्या काउंटरवर हे तिन्ही सारखेच ठरले असते. फरक पुढे पडत गेला. ८० अंशांना मूळ उत्पादकाच्या सेन्सरने ३२७ ओहम दाखवले, जुन्याने ४३० आणि बिननावाच्याने २७०. तक्त्यावर बसवून पाहिले तर ८० अंशांच्या पाण्याला जुना ७० म्हणतो आहे आणि बिननावाचा ८६ म्हणतो आहे. जुन्यामुळे ईसीएम इंजिनला अजून पूर्ण तापलेले समजत नव्हते आणि जास्त पेट्रोल देत होते. लिटरमागे तीन किलोमीटर कुठे गेले त्याचा मोठा भाग इथे सापडला. बिननावाचा लावला असता तर पंखा लवकर सुरू झाला असता, इंजिन नीट तापण्याआधीच पेट्रोल कमी झाले असते आणि मी ते दुखणे कदाचित भलतीकडेच शोधत बसलो असतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर असल्यामुळे इथे पाणी १०० नव्हे तर ९९ अंशांच्या आसपास उकळते. शेवटचे माप घेताना तेवढे ध्यानात ठेवावे.

या सेन्सरसाठी मूळ उत्पादकाचे खोके पुरेसे आहे, असे माझे ठाम मत झाले. ४५० रुपयांचा सेन्सर बसवला.

१७ मे. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरची गोष्ट वेगळी निघाली. दोन वायरींचा, चुंबक आणि तांब्याच्या वेटोळ्याचा हा सेन्सर आहे. दातेरी चाक त्याच्यासमोरून फिरले की वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि त्यावरून ईसीएमला क्रँकची जागा कळते. हा संकेत थांबला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही थांबतात. पुस्तिकेत त्याचा रोध २० अंशांना ८६० ओहमच्या जवळ दिला आहे. खोलीतल्या ३३ अंशांना जुन्याने ९०५ दाखवले, आणि ते योग्यच आहे, कारण तांब्याचा रोध दर दहा अंशांना साधारण चार टक्क्यांनी वाढतो. मग केस वाळवण्याच्या यंत्राने त्याला हळूहळू गरम हवा दिली. ९४०, ९८०, १०२० असा आकडा शांतपणे चढत गेला आणि एका क्षणी मल्टिमीटरवर काहीच उरले नाही; वेटोळ्याची तार आत कुठेतरी सुटली होती. यंत्र बंद करून पंख्याखाली ठेवला, सात-आठ मिनिटांनी १०१० हा आकडा आपोआप परत आला. कन्हानजवळ नेमके हेच घडले होते. थंड असताना मोजून 'सेन्सर ठीक आहे' असा निर्वाळा देणारे किती जण असतील, या विचाराने मी बराच वेळ तो आकडा पाहत बसलो होतो.

याची बाजारातली नक्कल रोधाच्या मापात पूर्ण उतरली. व्हर्नियरने मोजल्यावर मात्र बसण्याच्या कडेपासून टोकापर्यंतची तिची लांबी जुन्या सेन्सरपेक्षा ०.८ मिलिमीटरने कमी भरली. चाक आणि टोक यांच्यातली फट मुळात एखाद्या मिलिमीटरची असते, तिथे एवढा फरक फार मोठा आहे. फट वाढली की संकेत दुबळा होतो, आणि सेल्फ मारताना इंजिन सर्वांत हळू फिरते तेव्हा तो मुळातच सर्वांत क्षीण असतो. नक्कल बसवून सेल्फ मारताना एसी व्होल्टेज ०.४ आले, वाहन कंपनीच्या खोक्यातला बसवल्यावर ०.९. शिवाय नकलेच्या वायरीवर जाळीचे आवरण नव्हते, त्यामुळे ठिणगीच्या कॉइलच्या वायरींशेजारून जाताना तिच्यात बाहेरचा गोंगाट शिरण्याची भीती राहते. इथे मिस्त्रींचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य केले. ज्याच्या बिघाडाने गाडी रस्त्यात उभी राहते आणि ज्याची लांबी, फट, आवरण हे सगळे एकत्र जुळावे लागते, तो भाग मी वाहन कंपनीच्याच खोक्यातला घेईन.

मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, बदलला नाही. किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता मिस्त्रींच्या स्कॅनरवर दाब पाहिला, तो ९७ किलोपास्कल होता. आपल्या उंचीला उन्हाळ्यात इतकाच दाब असायला हवा, त्यामुळे त्यावर खर्च करण्याचे कारण नव्हते.

२१ मे. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर शेवटी ठेवला होता, कारण तापमानाचा सेन्सर सुधारल्याशिवाय त्याला दोष देणे अन्यायाचे ठरले असते. झिर्कोनियाचा हा सेन्सर ३०० अंशांच्या वर तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान वेगाने वरखाली व्हायला हवा. माझा चार-पाच सेकंदांतून एकदा बाजू बदलत होता. हेडच्या कामात मी साधे सिलिकॉन सीलंट वापरले होते, ज्यावर सेन्सरसाठी सुरक्षित असल्याचा उल्लेख नव्हता. सिलिकॉनच्या वाफेने हा सेन्सर निकामी होतो, म्हणून तीच शंका मला सर्वांत जवळची वाटते. नवीन सेन्सर मूळ उत्पादकाच्या खोक्यातला, पण आयता कनेक्टर असलेला घेतला. वायरी कापून जोडायचा सर्वसाधारण प्रकार स्वस्त असतो, तरी तो टाळला. अनेक ऑक्सिजन सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या धाग्यांमधून ओढतात, त्यामुळे सोल्डरने भरलेला सांधा किंवा ग्रीस भरलेला कनेक्टर त्यांचा श्वास कोंडतो. खोके घेताना त्यावर निर्माता किंवा आयातदाराचा पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली आहे का, हे पाहिले आणि भाग क्रमांक सेन्सरवरच्या शिक्क्याशी ताडून घेतला.

२४ मे. उद्यापासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. आज दुपारी पारा ४४ वर असताना रामटेकला जाऊन आलो, मनसरला मुद्दाम अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. गाडी बंद पडली नाही, पंखा वेळेवर लागला, आणि टाकी भरून काढलेला हिशेब लिटरला १३.६ किलोमीटरचा आला. नव्या क्रँक सेन्सरची ३३ आणि ८० अंशांची मापे त्याच्या खोक्यावर पेनने लिहून ठेवली आहेत. नवतपा उतरल्यावर तो काढून त्याच तापमानांना पुन्हा मोजणार आहे.