डाव्या बाजूचं जेवण

अमेरिकेतल्या मराठी घरी भारतातून पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचं यावर फारशी चर्चा होत नाही. वरच्या अंगाला राहणारे नायगारा दाखवतात, आम्ही अटलांटावाले डिस्ने. सातेक तास गाडी हाकली की ओरलँडो. तिथल्या उद्यानांबद्दल मी काही नवं सांगू शकणार नाही. किल्ला, उंदीरमामा आणि रांगा सगळ्यांनी फोटोंत पाहिल्यात. मला सांगायचंय ते तिथल्या रिसॉर्टमधल्या रेस्टॉरंटांबद्दल, आणि त्यातही जेवणाआधी टेबलावर येणाऱ्या किरकोळ पदार्थांबद्दल. डिस्नेत जेवावं तर तेवढंच जेवावं, असं माझं ठाम मत झालंय.

फ्लोरिडाच्या दमट उन्हात दिवसभर पायपीट करून माणसं टेबलापाशी येतात तेव्हा लहान मुलं रडण्याच्या बेतात असतात आणि मोठी भांडणाच्या. या अवस्थेत जे पहिल्यांदा समोर येईल ते अमृतच लागतं. मग अर्ध्या तासानं मुख्य पदार्थ येतो तोवर भूक मेलेली असते आणि पुढ्यात हातभर प्लेट. शिवाय तो मुख्य पदार्थ ब्राझीलपासून जपानपर्यंत सगळ्यांना चालावा लागतो, म्हणून जरा सभ्यच असतो. मासा, चिकन, बीफ, शेजारी उकडलेली ब्रोकोली. आचाऱ्याला चार खोड्या काढायची मुभा असते ती छोट्या वाट्यांमध्ये.

पॉलिनेशियन व्हिलेज हे १९७१ साली, म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं त्याच वर्षी सुरू झालेलं रिसॉर्ट. तिथल्या 'ओहाना'मध्ये पंगत असते. सगळ्या टेबलाला एकत्र वाढायचं आणि हवं तितकं मागायचं. तिथले मधाचे आणि धण्याचे चिकन विंग्ज आणि डंपलिंग्ज खायला लोक येतात, आणि मग मोठ्या विस्तवावर भाजलेलं मांस येतं तेव्हा पोटावर हात फिरवतात. डंपलिंग्जमध्ये पोर्क असतं, हे शाकाहारी पाहुण्यांना आधी सांगावं. पाकळ्या पाहून मोदकाची आठवण काढणारी माणसं आपल्यात कमी नाहीत.

पण माझा जीव आहे तो 'सना'वर. अ‍ॅनिमल किंगडम लॉज नावाचं आफ्रिकी धाटणीचं रिसॉर्ट आहे, त्याच्या किदानी व्हिलेज या भागात २००९ पासून हे रेस्टॉरंट आहे. मोठ्या काचांपलीकडे गवताळ मैदान, आणि त्यात खरोखरचे जिराफ, झेब्रे, लांबलचक शिंगांच्या अँकोले गायी. सगळ्यात सोयीचं म्हणजे रिसॉर्टमध्ये जेवायला उद्यानाचं तिकीट लागत नाही. ज्येष्ठ मंडळींना पाळण्यांत बसायचं नसतं, आणि तिकिटाची किंमत रुपयांत सांगितली तर त्यांची झोप उडते. त्यांच्यासाठी ही उत्तम सहल. फक्त टेबल ६० दिवस आधीपासून राखता येतं, तेव्हा उशीर करू नये.

इथे लोक ज्यासाठी येतात तो पदार्थ म्हणजे ब्रेड सर्व्हिस. नीट ऐका: साधा नान, आलं-लसणाचा नान, मसाला नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा. आणि सोबत नऊ छोट्या वाट्या. काकडीची कोशिंबीर, आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं, हालापेन्यो मिरची आणि लिंबाचं लोणचं, लाल मिरचीचा सांबल म्हणजे ठेच्यासारखी चटणी, भाजलेल्या ढोबळी मिरचीचं हमस, टोमॅटो-खजुराचा जॅम. मेनूत अधूनमधून फेरफार होतो, पण साधारण थाट हाच. अमेरिकन माणसं याचे फोटो काढतात, यावर हिरिरीनं बोलतात, यासाठी गाव पालथं घालून येतात.

आता हे आपल्या डोळ्यांनी पाहा. मराठी ताटाची एक शिस्त असते. वर मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडचं तोंडी लावायला. ते बोटभर वाढतात, आणि पाहुण्यानं भाजी सोडून चटणीच पुन्हा मागितली तर घरची बाई मनातून खट्टू होते. 'सना'मध्ये उजवी बाजू पुसून टाकलीय. ताटाचा समासच मजकूर झालाय!

आमची आत्या धुळ्याहून आली होती तेव्हा तिला तिथे नेलं. वाढणाऱ्या मुलीनं एकेका वाटीची ओळख करून दिली, आणि तिखट लोणच्यापाशी येताच आवाज खाली आणून म्हणाली की हे जरा सांभाळून घ्या. आत्याला इंग्रजी फारसं कळत नाही, पण तो सूर कळला. तिनं चमचाभर लोणचं सरळ जिभेवर ठेवलं. मुलगी श्वास रोखून उभी. आत्या म्हणाली, "आंबट आहे. मुरलेलं नाही." मी भाषांतर करताना दुसरं वाक्य गाळलं.

मग तिनं सगळ्या वाट्या तपासल्या. कोथिंबिरीची चटणी पास. चिंचेची गोड, म्हणजे भेळवाल्याची. लसणाच्या लोणच्याला चांगले गुण. हमसपाशी ती थांबली, बोटानं चाचपलं, "हे पिठलं आहे का गार झालेलं?" हरभऱ्याचंच असतं म्हटल्यावर तिला आपला अंदाज बरोबर आल्याचा आनंद झाला. पाचही पोळ्यांचे तुकडे संपत आले तेव्हा तिनं माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "भाजी कधी आणतात?"

आफ्रिकेच्या नावाच्या रेस्टॉरंटात नान काय करतोय, हा प्रश्न तिनंच नंतर विचारला, आणि तो रास्त आहे. याचं उत्तर हिंदी महासागरात आहे. मोसमी वाऱ्यांवर आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं शेकडो वर्षं पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार, मोंबासाकडे जात-येत होती. पुढे इंग्रजांनी १८९६ पासून मोंबासाहून आत युगांडा रेल्वे बांधायला घेतली, तेव्हा हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले. काही तिथेच राहिले, दुकानदारही मागोमाग गेले. आज केनियात, टांझानियात चपाती घरोघर लाटली जाते, तिला चपातीच म्हणतात, आणि समोसा तिकडे सांबुसा होऊन नांदतोय. म्हणजे ही जोडणी डिस्नेच्या कचेरीत बसून जुळवलेली नाही. फक्त मला विचाराल तर नानापेक्षा ती केनियाची मैद्याची, तेल लावून घड्या घातलेली पदरवाली चपाती ठेवायला हवी होती. नान हा तंदूरवाल्यांचा. जहाजातून आणि रेल्वेच्या छावण्यांतून जी गेली ती तव्यावरची.

एवढं सगळं पोटात गेल्यावर पुढचा मेनू उघडायची इच्छा कुणालाही होत नाही. वाढणारी मुलगी मात्र येते आणि मुख्य जेवणात काय घेणार म्हणून विचारते. आपल्याकडच्या मंडळींना इथे संकोच होतो. एवढं मोठं हॉटेल, टेबल राखून आलोय, आणि नुसत्या चटण्या खाऊन उठायचं? खुशाल उठावं. चार माणसांत दोन ब्रेड सर्व्हिस सांगाव्या, लस्सी किंवा गार पाणी घ्यावं, मुलांना काचेपाशी सोडावं. कुणी भुवई उंचावत नाही. फक्त काही ठिकाणी हल्ली ठरलेल्या रकमेत पूर्ण जेवणच घ्यावं लागतं, तिथे माझं शास्त्र चालत नाही. तशा ठिकाणी मी जात नाही.

आत्याला त्या नऊ वाट्यांतलं मनापासून आवडलं ते एकच, टोमॅटो-खजुराचा जॅम. घरी परतल्यावर तिनं तो करायला घेतला. खजूर कॉस्टको नावाच्या घाऊक दुकानातले, टोमॅटो शेजाऱ्यांच्या परसातले, गूळ आमच्याकडे होताच. मूळ कृती कुणाला माहीत नव्हती आणि तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी मोहरी-हिंगाची फोडणी आणि धुळ्याहून आणलेलं लाल तिखट पडलं तेव्हा ती म्हणाली, "आता लागतंय." मुलांनी ते पिझ्झाला फासून खाल्लं. हे मात्र तिला पटलं नाही.