पोवाड्याची तालीम झीलकऱ्यांपासून

१९ फेब्रुवारीची शिवजयंती जवळ आली की हौशी शाहिरांच्या तालमींना मला बोलावणे येते, आणि बहुतेक ठिकाणी पहिली तक्रार एकच असते: पोवाड्याच्या तिसऱ्या चौकापर्यंत, म्हणजे तिसऱ्या भागापर्यंत, मुख्य शाहिराचा गळा बसतो. ज्येष्ठमध, गुळण्या वगैरे सारे करून झालेले असते. माझ्या मते या दुखण्याचे मूळ पुष्कळदा मागे उभे राहून साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांत असते.

शाहिराची ओळ संपता संपता झीलकरी तिचे शेवटचे शब्द उचलतात आणि ‘जी जी रं जी’ असा सूर धरतात. श्रोत्यांना ती जोशाची साथ वाटते. गाणाऱ्याला मात्र श्वास भरून घ्यायला, पुढची ओळ आठवायला आणि समोरच्या गर्दीकडे पाहायला तेवढीच उसंत मिळते. हौशी पथकांत ही मंडळी आयत्या वेळी गोळा केलेली असतात. ती उशिरा उचलतात, लवकर सोडतात, आणि मग बिचारा शाहीर स्वतःची झीलही स्वतःच गाऊ लागतो. म्हणून पहिल्या बैठकीत मी शाहिराला गाऊच देत नाही. त्याने ओळ नुसती बोलायची आणि झीलकऱ्यांनी ती तालात व सुरात उचलायची, असे तासभर चालते. काही शाहिरांना हा अपमान वाटतो, त्याला इलाज नाही.

पट्टीचा, म्हणजे सुराच्या उंचीचा, हट्ट हे दुसरे दुखणे. शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज ध्वनिमुद्रणात ऐकून त्याच उंचीवर गाण्याचा प्रयत्न करणे तरुणांना मोहात पाडते, पण तुणतुण्याची तार गाणाऱ्याच्या षड्जाशी (‘सा’शी) मिळवायची असते, आदर्शाच्या नव्हे. शेवटच्या चौकातील सर्वांत उंच ओळ, आधीचे सर्व गाऊन झाल्यावर, न किंचाळता म्हणता येते का, हे पाहूनच पट्टी ठरवावी. डफाची थापही शब्दांच्या वेळी हलकी हवी. ध्वनिक्षेपकासमोर तो छातीशी धरून बडवला की व्यंजने ऐकूच येत नाहीत.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते चौकांमधले गद्य निवेदन. शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा घेतला, तर त्यातील जुने शब्द आजच्या श्रोत्याला सहज कळत नाहीत आणि कथेचा भार निवेदनावर पडतो. हौशी शाहीर मात्र ते पहिल्या वाक्यापासून गर्जत म्हणतो. तानाजीचे मावळे रात्री कडा चढत आहेत, तेथे आवाज दबका ठेवला, तर पुढच्या लढाईच्या चौकाला चढायला जागा उरते.

हा पोवाडा लांब असल्यामुळे काटछाट करावीच लागते. ती मी झील पक्की बसल्यानंतरच करतो, कारण कोणत्या चौकात पथकाची दमछाक होते हे तोवर कळत नाही. आणि गाळलेल्या भागाची कथा दोन वाक्यांत निवेदनात घेता येते.