लामालेरा: व्हेल न दिसलेले सहा दिवस

बालीला जातोय सांगून गेलेलास आणि फोटो कसले टाकतोयस हाडांचे, असं बऱ्याच जणांनी विचारलं, त्यांच्यासाठी आणि खरंच कोणी तिकडे जाणार असेल त्यांच्यासाठी एकदाच लिहून टाकतो. गावाचं नाव लामालेरा. इंडोनेशियात फ्लोरेसच्या पूर्वेला लेम्बाता बेट आहे त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर. पुढे सावू समुद्र, मागे लगेच डोंगर, मध्ये दोनेक हजार वस्ती, आणि जमीन इतकी खडकाळ की शेती जवळपास नाहीच. इथले लोक पिढ्यानपिढ्या लाकडी होडीतून जाऊन हाताने भाला मारून स्पर्म व्हेल धरतात. मी मूळचा हर्णैचा, लहानपण बंदरावरच्या लिलावात गेलं, त्यामुळे हे वाचल्यापासून डोक्यात होतं.

आधी जायचं कसं. आपल्याला विमानतळावर व्हिसा मिळतो, 5 लाख रुपिया, 30 दिवस, ऑनलाइन आधी काढलात तर रांग वाचते. बालीहून तिमोर बेटावरच्या कुपांगला विमान, तिथून लहान विमानाने लेवोलेबा, हे लेम्बाताचं मुख्य गाव. दुसरा रस्ता म्हणजे फ्लोरेसच्या लारांतुकाहून बोट, चारेक तास लागतात. माझं कुपांगचं विमान कारण न सांगता रद्द झालं आणि एक दिवस विमानतळाजवळ भात आणि तळलेली कोंबडी खाण्यात गेला. या पट्ट्यात ज्वालामुखी जागे आहेत, राख उडाली की विमानं बंद, तेव्हा दोन दिवस हातचे ठेवाच, परतीचं बाली-मुंबई तिकीट चिकटून काढू नका.

लेवोलेबात एटीएम आहे. तिथून पुढे नाही. म्हणून लागतील त्याच्यापेक्षा जास्त पैसे काढा आणि सुटे करून घ्या. सिम टेलकोमसेलचं घ्या, बाकीची पुढे खेळणी होतात. लेवोलेबाहून लामालेराला ट्रक जातो, मागे लाकडी बाकं, त्यावर माणसं, तांदळाची पोती, पेट्रोलचे कॅन, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि माझ्या मांडीवर कोणाचं तरी पोर. नकाशात अंतर बघून हसू येतं पण चार तास धरा. घाई असेल तर ओजेक म्हणजे मोटारसायकलवाला मिळतो, पाठ धड असेल तरच.

राहायला हॉटेल नाही, लोकांच्या घरीच सोय. जेवणासकट मला दिवसाला तीन लाख रुपिया पडले, म्हणजे आपले सोळाशेच्या आसपास. मालकीणबाईंना सगळे मामा म्हणतात. इकडे मामा म्हणजे आई किंवा मोठी बाई, आणि पुरुषाला बापा. पहिले दोन दिवस मला "मामा स्वयंपाकघरात आहे" ऐकून हसू यायचं. भाषेत असे ओळखीचे शब्द सारखे भेटतात, गावाला देसा म्हणतात आणि सरपंच म्हणजे कपाला देसा. कपाला म्हणजे डोकं, पण आपल्याला डोक्यापेक्षा कपाळच जास्त वाटतं ते.

जेवणात भात, मासे आणि शेवग्याचा पाला. हो, आपला शेवगा, रोज. शाकाहारी माणूस भात, पाला, केळी, अंडी यावर निभावेल पण आधी स्पष्ट सांगा. आणि जागुंग तिती म्हणून एक प्रकार असतो तो चुकवू नका. मामा पहाटे चुलीसमोर बसायच्या, मातीच्या भांड्यात मका भाजत ठेवलेला, त्यातनं दोन-तीन गरम दाणे नुसत्या बोटांनी उचलायच्या, दगडावर टाकायच्या आणि दुसऱ्या दगडाने एकच ठोका, की झाला पोहा. बोटं भाजत नाहीत का विचारलं तर हात पुढे केला, टोकं पार गुळगुळीत झालेली.

आता व्हेल. मला दिसला नाही. मोसम मे ते ऑक्टोबर, 1 मेला किनाऱ्यावर मिसा, म्हणजे चर्चची प्रार्थना, होते आणि मग होड्या निघतात, त्यामुळे मी सप्टेंबरात गेलो ते बरोबरच होतं, पण समुद्र काय कॅलेंडर बघत नाही. एकदाच, तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला "बालेओ", म्हणजे व्हेल दिसला, अशी हाळी आली, खालून सुरू झाली ती घराघरातून वर डोंगरापर्यंत गेली, आणि बापा तोंडातला घास तसाच ठेवून उठून पळाले. किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारलेल्या खोपी आहेत, त्यातनं होड्या ढकलत पाण्यात. या होडीला पलेदांग म्हणतात, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, लोखंडी खिळा नाही. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बांबूचा पुढे आलेला माच असतो, त्यावर लामाफा म्हणजे भालेकरी उभा राहतो आणि भाल्यासकट स्वतःच उडी घेतो, अंगाचं वजनच वापरतो. हे सगळं मला बापांनी नंतर अंगणात काठी घेऊन करून दाखवलं, कारण त्या दिवशी संध्याकाळी सगळे रिकाम्या हाताने परत आले. कोणी काही बोललं नाही. बायका किनाऱ्यावरनं उठल्या आणि घरी गेल्या.

म्हणून सांगतो, फक्त शिकार बघायला एवढ्या लांब जाऊ नका. होडीत बसायचं असेल तर पैसे घरमालकामार्फत आधी ठरवा, आणि ड्रोन काढायच्या आधी विचारा.

मला खरी समजली ती वाटणी, आणि बघायला मिळाला तो बाजार. व्हेल आला की कुठला तुकडा कोणाचा हे आधीपासून ठरलेलं, लामाफाचा वाटा, होडी बांधणाऱ्याचा, शीड विणणाऱ्याचा, लोहाराचा, मूळ जमीनमालक कुळाचा, आणि त्यांच्याकडून पुढे नात्यात, विधवा-म्हाताऱ्यांपर्यंत. घरासमोर बांबूवर आपण बोंबील टांगतो तशा काळ्या पट्ट्या वाळत असतात, खाली बांबूची पन्हळ, त्यात तेल ठिबकत राहतं. वासाला उग्र आहे. मला सुकटीत वाढल्यामुळे काही वाटलं नाही, तुम्हाला वाटेल.

शनिवारी शेजारच्या वुलांदोनीला बाजार भरतो, तो धरूनच मुक्काम ठरवा. डोंगरातल्या बायका मका, केळी, रताळी घेऊन येतात, किनाऱ्यावरच्या बायका सुकं मांस, मासे, मीठ. शिट्टी वाजेपर्यंत कोणी हलत नाही, आणि मग पैशाशिवाय अदलाबदल. मामांनी एका पट्टीवर डझनभर केळी घेतली. घासाघीस फारशी नाहीच, भाव सगळ्यांना पाठ. हर्णैच्या लिलावाची सवय असलेल्या माणसाला ती शांतता जरा चमत्कारिक वाटते.

पण सगळी अडचण इथेच आहे. मक्यात फी भरता येत नाही. पोराचं कॉलेज कुपांगला, मोबाईलचा डेटा, आणि पेट्रोल, सगळ्याला रोख लागते. आता बाहेर लावायच्या इंजिनाच्या बोटी आल्यात, कुठल्याही कंपनीचं इंजिन असो, म्हणतात जॉन्सन. जॉन्सन पलेदांगला ओढत नेतो किंवा स्वतःच शिकार करतो, माणसं कमी लागतात, जे बरंच आहे कारण माणसं उरलीच नाहीत, पोरं कुपांगला नाहीतर मलेशियात. घरातला धाकटा, वीसेक वर्षांचा, दिवसभर कार्बुरेटर उघडून बसायचा. आजोबा लामाफा होते. तू होणार का विचारलं तर म्हणाला पेट्रोल कोण देणार.

बाहेरच्यांनी सुधारणा करून बघितलीय. 1973 मध्ये एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने, नॉर्वेचा व्हेलशिकारी पाठवला होता, नीट जमलं नाही, गुंडाळलं. 2009 मध्ये सावू समुद्राचं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तेव्हा गावाने विरोध केला आणि लेम्बाताचं पाणी बाहेर ठेवलं गेलं. 2014 पासून देशभर मांटा रे, म्हणजे मोठा पाकट मासा, धरायला बंदी, जो इथे नेहमी धरायचे. व्हेल मारणं मला आवडतं असं नाही, पण आपल्याकडे बंदी असून एलईडीचे दिवे लावून मासे ओढणारे, समुद्र खरवडणारे बघितलेत, त्यामुळे यांना शिकवायला माझं तोंड उघडेना. गावात कोणाला उपदेश करू नका एवढंच म्हणेन, तो त्यांनी भरपूर ऐकलाय.

किरकोळ: मलेरिया आहे, निघायच्या आधी डॉक्टरशी बोला. सप्टेंबरात पाणी कमी असतं, आंघोळ दोन तांब्यांत. रविवारी मिसेच्या वेळी गाव बंद. मामांकडून इकतचं कापड घेतलंत तर भाव पाडू नका, घरात थेट रोख येते ती अशातूनच.

आणि परतीच्या ट्रकची वेळ ड्रायव्हरला दोनदा विचारा. मला पाच सांगितलं होतं, साडेतीनला दारात हॉर्न वाजला, मामांनी अंधारात जागुंग तितीची पिशवी खिडकीतून हातात कोंबली आणि मी एका पायात चप्पल घालून वर चढलो.